‘मी’ म्हणजे कोण? रोमँटिसिझमच्या उगमाशी

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

रोमँटिसिझमवर बोलायचं ठरलं तेव्हा आपल्यातलीच एक जण म्हणाली, “म्हणजे प्रेमाबिमावर का?” तिला हसू नका. आपल्याकडे ‘रोमँटिक’ म्हटलं की पाऊस, बाग आणि सिनेमातलं गाणंच डोळ्यांपुढे येतं. पण अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात जे सुरू झालं आणि ज्याला पुढे हे नाव पडलं, त्यात राज्यक्रांती होती, तुरुंग होते आणि मुळाशी एक साधा प्रश्न होता. माणसाला आतून जे वाटतं, त्याला काही किंमत आहे की नाही?

हा प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. “बाई, भावनेच्या भरात बोलू नका, मुद्द्याचं बोला,” हे आपण पोलीस चौकीत ऐकलंय, कचेरीत ऐकलंय आणि घरच्या बैठकीतही ऐकलंय. मग भावनेला प्रतिष्ठा मिळवून देणारी चळवळ बायकांची सख्खी मैत्रीण व्हायला हवी होती. ती झाली का, एवढंच आज तपासू या.

अठराव्या शतकाचा मध्य हा बुद्धिप्रामाण्याचा काळ. न्यूटनने विश्वाचे नियम मांडून दाखवले होते. फ्रान्समध्ये दिदरो आणि त्याचे सहकारी सगळं मानवी ज्ञान एका विश्वकोशात आणायला निघाले होते, त्याचा पहिला खंड १७५१ साली निघाला. पुढे १७८४ साली कांटने लिहिलं, की स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस करणं म्हणजे प्रबोधन. सगळा स्त्रीवर्ग हे धाडस करायला कचरतो, हेही सांगायला तो विसरला नाही.

या बुद्धीच्या राज्यात पहिला मोठा बेसूर लावला जाँ-जाक रूसोने. १७४९ साली तो पॅरिसहून व्हँसेनला चालत निघाला होता. तिथे त्याचा मित्र दिदरो कैदेत होता. वाटेत मासिक चाळताना त्याला दिजाँच्या अकादमीने जाहीर केलेला स्पर्धेचा विषय दिसला. शास्त्रं आणि कला वाढल्याने माणसाची नीती सुधारली का? रूसोने उत्तर लिहिलं, नाही, उलट बिघडली. १७५० साली त्याला बक्षीस मिळालं. १७६१ साली त्याची ‘ज्यूली’ ही पत्ररूप कादंबरी आली आणि युरोपभरचे वाचक ती वाचून रडले. १७६२ साली आलं ‘एमिल’. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, त्याला त्याच्या निसर्गाने वाढू द्या, असं सांगणारं हे पुस्तक. आजही बालशिक्षणाच्या वर्गात त्याचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच पुस्तकाच्या पाचव्या भागात एमिलसाठी बायको येते. तिचं नाव सोफी. आता सोफीचं शिक्षण कसं, तर पुरुषाला आवडेल असं. त्याला सुख द्यायचं, लहानपणी त्याला सांभाळायचं, मोठेपणी त्याची काळजी घ्यायची. एमिलचा निसर्ग म्हणजे स्वातंत्र्य आणि सोफीचा निसर्ग म्हणजे सेवा! निसर्गाच्या नावाने हा भेद तिथे पक्का केला गेला. आणि रूसोच्या स्वतःच्या घरात काय होतं? तो ज्या खाणावळीत राहायचा तिथे कपड्यांचं काम करणारी तेरेझ ही त्याची जन्माची सोबतीण. तिला झालेली पाचही मुलं त्याने अनाथालयात सोडली. हे मी त्याच्या वैऱ्यांकडून ऐकलेलं सांगत नाही, त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

रूसोला पहिलं खणखणीत उत्तर एका बाईने दिलं. १७९२ साली लंडनमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांवरचं आपलं पुस्तक छापलं, तेव्हा ती जेमतेम बत्तीस वर्षांची होती. गंमत अशी, की रूसोवर तिचं मनापासून प्रेम होतं. म्हणूनच तिला राग आला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की बायका नुसत्या भावनेच्या पुतळ्या दिसतात, कारण लहानपणापासून त्यांना दुसरं काही होऊच दिलेलं नाही. आधी तसं वाढवायचं आणि मग त्यालाच निसर्ग म्हणायचं, ही लबाडी आहे.

पण मला तिचं चार वर्षांनी आलेलं पुस्तक जास्त जवळचं वाटतं. १७९५ साली ती स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कला गेली. बरोबर तान्ही म्हणावी अशी लेक आणि एक दाई. लेकीचा बाप तिला सोडून चालला होता आणि तरी त्याच्याच व्यापाराच्या कामासाठी ही फिरत होती. त्या प्रवासाची पत्रं १७९६ साली छापली गेली. त्यात डोंगर आहेत, धबधबे आहेत, जीव नकोसा करणारा एकटेपणा आहे. पुढच्या रोमँटिक कवींचं सगळं सामान तिथे आहे. आणि त्याच पुस्तकात ती स्वीडनमधल्या मोलकरणींबद्दल लिहिते. भर थंडीत नदीवर कपडे धुताना बर्फाने त्यांचे हात चिरतात, रक्त येतं, आणि बरोबरचे पुरुष टब उचलायलासुद्धा हात लावत नाहीत. ज्या मनाने धबधबा पाहिला त्याच मनाने ते हात पाहिले. मला वाटतं, भावनेचं खरं मोल इथे कळतं. तिने तिच्या जोरावर दुसऱ्याचं दुःख पाहिलं आणि त्याचं कारणही विचारलं.

१७९७ साली दुसऱ्या बाळंतपणानंतर दहा-अकरा दिवसांनी ती गेली. वय अडतीस. नवऱ्याने पुढच्या वर्षी तिचं चरित्र प्रामाणिकपणे लिहिलं, लग्नाबाहेरच्या मुलीसकट. मग लोकांना तिचे विचार खोडून काढायची गरजच उरली नाही, चारित्र्य काढलं की काम भागत होतं.

आता जर्मनीत या. ‘रोमँटिक’ हा शब्द नव्या साहित्याची खूण म्हणून रुजला तो श्लेगेल बंधूंच्या ‘आथेनाउम’ या नियतकालिकामुळे. ते १७९८ ते १८०० असं तीनच वर्षं चाललं. या मंडळींचं बिऱ्हाड येना गावात एका घरात होतं. ऑगस्ट श्लेगेलची बायको कॅरोलिन आणि फ्रिडरिश श्लेगेलची सोबतीण डोरोथेआ, दोघी तिथेच राहायच्या. कॅरोलिन ही प्राध्यापकाची लेक, तरुणपणीच विधवा झालेली. क्रांतिकारकांशी संबंध आला म्हणून १७९३ साली तिने कैद भोगली होती. ऑगस्टच्या नावावर जी शेक्सपिअरची प्रसिद्ध भाषांतरं आहेत, त्यांत तिचे कष्ट आहेत, नाव नाही. डोरोथेआ ही तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोनची मुलगी. वडिलांनी ठरवलेलं लग्न तिने मोडलं आणि कादंबरी लिहिली. १८०१ साली ती छापली गेली तेव्हा मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नव्हतं. संपादक म्हणून फ्रिडरिशचं मात्र होतं.

या घरातला एक प्रसंग सांगते. १७९९च्या शरदात शिलरची घंटेवरची नवी कविता त्यांच्या हाती आली. पुरुषाने बाहेर पडून जगाशी झुंजावं, घरात शालीन गृहिणीने राज्य करावं, आणि क्रांतीत उतरलेल्या बायका म्हणजे तरस, असं सांगणारी ही लांबलचक कविता. पुढे शाळाशाळांतून ती पाठ करून घेतली गेली. कॅरोलिनने मुलीला पत्रात कळवलं, की दुपारी ती वाचताना आम्ही हसून हसून खुर्चीवरून पडायचेच बाकी होतो. रोमँटिसिझमच्या इतिहासात मला हे हसू फार महत्त्वाचं वाटतं.

आणि याच कॅरोलिनच्या आयुष्यात एक धागा आपल्या देशाचा आहे. १७९२ साली ती माइन्झमध्ये गेओर्ग फोर्स्टरच्या कुटुंबाच्या सहवासात होती. या फोर्स्टरने आदल्याच वर्षी कालिदासाचं ‘शाकुंतल’ विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून जर्मनमध्ये आणलं होतं. गटे आणि हेर्डर दोघेही त्यावर लुब्ध झाले. त्यांना दिसली ती हरणांमध्ये, वेलींमध्ये वाढलेली भाबडी वनकन्या, निसर्गाचंच मूल. सोफीची ही भारतीय बहीणच म्हणा! पण आपली मूळ महाभारतातली शकुंतला आठवा. ती मुलाचा हात धरून भर दरबारात उभी राहते आणि राजाला सत्य म्हणजे काय ते सुनावते. ती शकुंतला काही युरोपची लाडकी झाली नाही.

आता इंग्लंड आणि माझी स्वतःची एक चूक. आपल्या कॉलेजांतून वर्ड्सवर्थ शिकवला जातो, आणि केशवसुतांपासून मराठी कवितेत जो ‘मी’ आला त्यालाही या इंग्रजी कवींच्या वाचनाचं खतपाणी होतं. मीही वीस वर्षं डॅफोडिल फुलांची ती कविता शिकवली. फळ्यावर लिहायची, ‘एकांत आणि निसर्ग’. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “बाई, हा एकटा फिरायला गेला, तेव्हा घरी स्वयंपाक कोण करत होतं?” वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या कडव्याकडे वळले.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या बहिणीची, डोरोथीची रोजनिशी वाचली आणि त्या मुलीची आठवण येऊन मान खाली गेली. १५ एप्रिल १८०२ला तळ्याकाठी ती फुलं पाहिली तेव्हा तो एकटा नव्हताच. डोरोथी बरोबर होती. वारा, पाण्याच्या कडेने गेलेली फुलांची रांग, दमून दगडावर मान टाकल्यासारखी दिसणारी काही फुलं, हे सगळं तिने लिहून ठेवलं. भावाने कविता लिहिली ती दोन वर्षांनी, छापली १८०७ साली. तिच्यातल्या सर्वात गाजलेल्या दोन ओळी त्याची बायको मेरीने सुचवल्या, हे त्यानेच सांगितलंय. आणि रोजनिशीत आणखी काय आहे? पाव भाजला, पाय केले, कपडे वाळत घातले, भावाचं डोकं दुखत होतं, त्याच्या कविता उतरवून काढल्या. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच लिहिलेलं होतं. डोरोथी १८५५ साली गेली. ती रोजनिशी पुस्तकातून लोकांपुढे यायला १८९७ साल उजाडलं.

शेवटी पुन्हा रूसोकडे. तो जिनिव्हाचा. १८१६च्या उन्हाळ्यात त्याच जिनिव्हाच्या तळ्याकाठी अठरा वर्षांच्या एका मुलीने एक गोष्ट सुरू केली. ही वुलस्टनक्राफ्टची धाकटी लेक, जिच्या जन्मात आई गेली ती, मेरी शेली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली बिननावाने छापलं गेलं आणि ते पुरुषाने लिहिलंय असं अनेकांना वाटलं. त्यातला बुद्धिमान, भावनाशील नायकही जिनिव्हाचाच. तो एक जीव निर्माण करतो आणि त्याचं रूप पाहून पळून जातो. टाकलेलं ते लेकरू मग विचारत फिरतं, मला जन्म दिलास, मग सांभाळलं का नाहीस? पुढे मेरीने रूसोचं चरित्रही लिहिलं आणि त्या पाच मुलांबद्दल त्याला माफ केलं नाही.

तर मैत्रिणींनो, ही चळवळ आपली मैत्रीण झाली का? मला वाटतं, तिने दार उघडलं आणि पुरुषाला आत घेतलं. त्याला जे वाटलं त्याला प्रतिभा म्हटलं, बाईला जे वाटलं त्याला स्वभाव. पण दार उघडलं होतं, त्यामुळे बायका शिरल्याच. मेरीच्या पुस्तकानंतर नव्वद वर्षांनी, १८८२ साली, आपल्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यातही राग आणि युक्तिवाद वेगळे काढता येत नाहीत. तेव्हा यापुढे कुणी “भावनेच्या भरात बोलू नका” म्हटलं, तर भावना आणि मुद्दा दोन्ही पुढे ठेवा, एकासाठी दुसरं सोडू नका.

आणि एक काम. पुढच्या बैठकीला येताना आईची, आजीची, सासूची एखादी वही घेऊन या. दुधाच्या हिशेबाची असली तरी चालेल. डोरोथीची वहीही घरकामाच्या नोंदींनी भरलेली होती. बघू या, हिशेबाच्या कडेला काय लिहिलंय ते.