बियाणं कोणाला विचारून घ्यायचं?

(मरोळ येथे महिला मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला ‘हवामान बदल आणि आदिवासी स्त्रिया’ हा विषय दिला आहे. तो ऐकून कोणी घड्याळाकडे पाहिलं असेल तर मी दोष देणार नाही. पण पाऊस बिघडतो म्हणजे काय, हे मरोळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. आपण चिखल उपसला, भिंती रंगवल्या, पुन्हा कामावर गेलो. डोंगरउतारावर शेती करणाऱ्याचं तसं नसतं. लावणी झाल्यावर तीन आठवडे पाऊस दडी मारून बसला, तर त्या घराचं वर्षच जातं.

मी आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी जव्हारकडच्या एका पाड्यावर आम्ही बियाणं वाटपाची बैठक घेतली. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे ओट्याच्या कडेला. कोणतं बियाणं हवं, असं मी विचारलं. पुढून उत्तर आलं, भाताची सुधारित जातीची पाकिटं द्या. मागून एक म्हातारी म्हणाली, नाचणी-वरईचं बी पण बघा. मी मान हलवली, पण वहीत लिहिलं नाही. त्या वर्षी पाऊस नेमका लावणीनंतर थांबला. उतारावरचा भात वाळला. म्हातारीनं घरचं राखलेलं बी पेरलं होतं, तिची नाचणी तगली. पुढच्या पेरणीला तिनं चार घरांना सुपातून बी दिलं. मला एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही विचारलंत, पण बघत होतात पुढच्यांकडं.”

हे बोलणं मला अजून टोचतं. बी राखणं हे आपल्या गावांमध्ये बाईचंच काम. कणीस निवडायचं, वाळवायचं, राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. हळवं भात कुठे लावायचं, गरवं कुठे, कोणता घेवडा पाणी कमी पडलं तरी शेंगा धरतो, हे तिला ठाऊक असतं. दुकानातलं संकरित बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं. मडक्यातलं बी फसलं तर शेजारणीकडून उसनं मिळतं. हवामानाचा भरवसा उरलेला नाही, अशा काळात चार प्रकारचं बी घरात असणं हाच गरिबाचा विमा.

राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजाच्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. घरातली मुलं सारखी आजारी पडू लागली तेव्हा त्यांचा संशय फवारणीच्या भाजीवर गेला आणि त्या गावठी बियाणं गोळा करू लागल्या. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, घरात बियाणे बँक उभी राहिली, गावोगावच्या बायका जोडल्या गेल्या. २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या १०० स्त्रियांमध्ये त्यांची गणना केली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुरस्कार उशिरा आले. त्याआधी बरीच वर्षं लोक त्यांना हसत असतील, असं मला वाटतं. गावं मीही पाहिली आहेत.

मराठवाड्यात गोष्ट जमिनीपाशी येऊन थांबते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी नवऱ्याकडे एकच मागणी केली: अर्धा-एक एकर आमच्या हाती द्या. नगदी पिकाऐवजी त्यांनी तिथे भाजी, डाळ, ज्वारी असं घरात खाण्याचं मिश्र पीक घेतलं. पाणी कमी लागलं, खर्च कमी झाला, आणि बाजारभाव पडला तरी चूल पेटती राहिली. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज नाही, आणि नुकसानभरपाई नवऱ्याच्या खात्यात. आदिवासी भागात निदान कायदा बाजूनं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद आहे. ती कागदावर उतरली का, हे घरोघरी जाऊन पाहावं लागतं, आणि ते काम आपण करू शकतो.

पवित्र शास्त्रात गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली आहेत. बाप मेला, भाऊ नव्हता. त्या मोशेसमोर आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि वतन मागितलं. मोशेनं त्यांना परत पाठवलं नाही. त्यांचं म्हणणं देवापुढे नेलं, आणि देवानं त्यांची बाजू योग्य ठरवली. उपदेशात हा अध्याय मी फारच कमी वेळा ऐकला आहे. (पाळकसाहेब हसताहेत.)

आता आपल्या निधीबद्दल. यंदा बियाण्यासाठी जे अर्पण गोळा झालं आहे, त्यातून पाकिटं आधीच घेऊन ठेवावीत, स्वस्त पडतील, असं आपल्याच काही भावांनी सुचवलं. त्यांचा हेतू चांगला आहे. पण माझी विनंती आहे की पैसे तसेच राहू द्या आणि पाड्यावरच्या बायकांच्या बचतगटाकडे सोपवा. काय घ्यायचं, शेजारच्या पाड्यावरून गावठी बी आणायचं की साठवणीच्या कोठ्या करायच्या, हे त्यांना ठरवू द्या. एखादा निर्णय चुकेलही. माझाही चुकलाच होता, आणि तुम्ही मला काढून टाकलं नाहीत.

पुढची बैठक आम्ही सकाळची काढून संध्याकाळी ठेवली आहे, पाणी भरून झाल्यावर. महिला मंडळातल्या तीन-चार बहिणी बरोबर आल्या तर बरं होईल. गाडी पहाटे पाचला इथून निघेल, मुक्काम करावा लागेल. भाषण कोणी करायचं नाही. ओट्याच्या कडेला बसायचं आणि वही उघडी ठेवायची.