अंगणातलं बालमानसशास्त्र

गिरगावातलं प्रार्थना समाजाचं मंदिर आपल्या परिचयाचं आहे. त्या समाजाचे कार्यकर्ते सदाशिवराव केळकर यांच्या घरी १८९२ साली जन्मलेली मुलगी म्हणजे ताराबाई मोडक. आपण त्यांना बालशिक्षणतज्ज्ञ म्हणून ओळखतो. पण मूल कसं वाढतं, याच्या आपल्याकडच्या आद्य अभ्यासकांतही त्यांना मानाचं स्थान द्यायला हवं, असं मला वाटतं. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून, दादरला शिशुविहार उभारून त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तिथे गोरगरिबांची, आदिवासींची मुलं बालवाडीत येईनात. ‘आईबापांनाच शिक्षणाची गोडी नाही’ असं म्हणून विषय संपवता आला असता. पण ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी मुलांचा दिवस पाहिला. थोरलीच्या कडेवर धाकटं भावंड, पोरगा गुरांमागे रानात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली आणि लहानग्यांसाठी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरला. मूल शाळेत न येण्याचं कारण त्याच्या बुद्धीत नसून परिस्थितीत असू शकतं, हे या प्रत्येक प्रयोगाने पडताळून पाहिलं.

कुणी म्हणेल, याला शास्त्र कसं म्हणायचं? प्रयोगशाळा नाही, मोजमाप नाही. पण बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनीही आपल्या तीन मुलांच्या बारीक निरीक्षणातून काही मोठे सिद्धांत मांडले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरींच्या साधनांपैकी गुलाबी मनोऱ्यात एक ते दहा सेंटिमीटरचे दहा ठोकळे असतात. चुकीचा ठोकळा लावला की मनोराच मुलाला चूक दाखवतो. ताराबाईंनी साधनं म्हणून वापरलेल्या खडे, शिंपले, पानं, बिया यांत ही अचूकता कुठली? आक्षेप खरा आहे. पण लहानमोठं ओळखणं, क्रम लावणं ही मनाची क्रिया खड्यांवरही होते. फक्त खडे निवडून मांडायची जबाबदारी शिक्षिकेवर येते. शिवाय ते खडे मुलाच्या ओळखीचे असतात, आणि महागड्या साधनांची वाट पाहत त्याचं बालपण सरून जात नाही.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. अंगणवाडीत मुलाचं वजन घेतलं जातं, त्याला खाऊ मिळतो, आणि ते अत्यावश्यकच आहे. पण वजनाची नोंद करणाऱ्या ताईंना, ते मूल आज कशात रमलं होतं हे पाहायलाही सवड मिळाली पाहिजे. ताराबाईंचं शास्त्र त्या पाहण्यातच होतं.