ब्रेक नसलेल्या गाड्या

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने बरोबर काय आणावे, याचे काही संकेत ठरलेले असतात. कोणी पदवी आणतो, कोणी लोकरीचा ओव्हरकोट आणतो, कोणी तिकडच्या थंडीच्या कथा आणतो. मी १९६१ साली सूतकताईच्या यंत्रांचे शिक्षण घेण्यासाठी मँचेस्टरला गेलो आणि पाच वर्षांनी परतलो तो पदवीबरोबर एका खेळाचे वेड घेऊन. हा खेळ आपल्या मातीत कधी रुजला नाही आणि त्याविषयी बोलायला मला मुंबईत फारसा कोणी भेटलाही नाही. त्याचे नाव स्पीडवे. साठ वर्षे मनात साचलेले ते बोलणे आज आपल्यापुढे मोकळे करीत आहे.

स्पीडवे म्हणजे मोटारसायकलींची शर्यत; परंतु एवढ्याने काहीच उलगडा होत नाही. एक लंबवर्तुळाकार मार्ग डोळ्यांपुढे आणा. त्याची लांबी तीनचारशे यार्ड, आणि त्यावर डांबर नव्हे, तर ठिसूळ खडकाचा तांबूस चुरा पसरलेला. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, आणि मिनिट-सव्वा मिनिटात सारा निकाल. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. संघांच्या सामन्यात दोन स्वार एका संघाचे आणि दोन दुसऱ्याचे; त्यामुळे प्रत्येकाने स्वतः जिंकायचे असते आणि सोबत्यालाही पुढे काढायचे असते. गाडीला पाचशे घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे इंजिन. त्यात पेट्रोलऐवजी मेथॅनॉल जळते. आणि ब्रेक नाहीत. एकही नाही.

ही शेवटची गोष्ट मी प्रथम ऐकली ती माझ्या घरमालकीणबाईंच्या तोंडून. त्या साठीला टेकलेल्या विधवा होत्या. उभी हयात त्यांनी सूतगिरणीत काढली होती. लँकेशायरमधल्या बायका ओळखीअनोळखीच्या माणसाला ‘लव्ह’ म्हणून हाक मारतात. आपल्याकडच्या ‘बाळा’ इतकाच तो निरुपद्रवी शब्द आहे, हे कळेपर्यंत मी बराच संकोचलो होतो. १९६२ च्या वसंतात एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, “लव्ह, ते पुस्तक मीट आणि चल माझ्याबरोबर. ब्रेक नसलेल्या गाड्या दाखवते तुला.”

मी यंत्रविद्येचा विद्यार्थी. मी हसून म्हणालो, “बाई, ब्रेक नसलेली गाडी कोणी शहाणा माणूस बनवील का?”

त्या टोपीला टाचणी लावीत म्हणाल्या, “पुढच्याने एकदम ब्रेक दाबला, तर मागच्याने काय करायचे?”

या प्रश्नातच त्या खेळाचे सारे तत्त्व सामावलेले आहे, हे माझ्या ध्यानात यायला मात्र दीड वर्ष जावे लागले.

मँचेस्टरच्या गॉर्टन भागात बेल व्ह्यू नावाचे एक अवाढव्य विहारस्थान होते. १८३६ साली सुरू झालेले प्राणिसंग्रहालय, पाळणे, नाचघर, आणि त्यांच्याच शेजारी हाइड रोडचे क्रीडांगण. हे क्रीडांगण १९२९ साली खास स्पीडवेसाठी उभारलेले. तेथील संघाचे नाव ‘एसेस’, म्हणजे पत्त्यांतले एक्के. गिरण्यांतले कामगार, त्यांच्या बायका, मुले, म्हाताऱ्या, सारे कुटुंबच्या कुटुंब तेथे येई. प्रत्येकाच्या हातात सामन्याचे पत्रक आणि शिसपेन्सिल. शर्यत संपली की हजारो माना एकदम खाली वळत आणि हजारो पेन्सिली त्या पत्रकाच्या चौकोनांत तीन, दोन, एक, शून्य असे गुण मांडीत. माझ्या मालकीणबाईंचे हिशेब लाकडी फळ्यांनी बांधल्या जाणाऱ्या एखाद्या वहीसारखे नेटके असत.

तेथे गेल्यावर प्रथम जाणवला तो वास. त्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलापासून केलेले तेल घालीत. श्रोतेहो, आजीने नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाशी माझे लहानपणापासून वैर होते. पण तेच तेल जळून त्याचा गोडसर धूर उत्तरेकडच्या त्या थंड हवेत पसरला, तेव्हा सात समुद्रांपलीकडे मला एकाएकी घर आठवले. पहिल्याच सायंकाळी मी त्या खेळाला वश झालो, त्यात या वासाचा वाटा मोठा आहे.

समोरची फीत वर उडाली आणि चार गाड्या सुटल्या. वळण आले. माझी समजूत अशी की आता वेग कमी होईल. वेग तर वाढला! स्वाराने गाडी डावीकडे कलती केली, पोलादी तळ बसविलेला डावा बूट जमिनीवर टेकवला, आणि मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरू दिले. वळायचे डावीकडे, आणि पुढचे चाक वळलेले उजवीकडे. जी घसरण इतरत्र अपघाताची सुरुवात समजली जाते, तिलाच येथे वाहनाची दिशा ठरविण्याचे साधन केले होते. गाडी घसरते म्हणूनच वळते, आणि इंजिनाचा जोर कमी केला की तोल जातो. माझ्या पुस्तकांत घर्षणावर प्रकरणे होती. परंतु त्यांतले एकही इतके बोलके नव्हते.

या खेळाचा आरंभ इंग्लंडातला नव्हे. ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंड येथे १९२३ साली जॉनी हॉस्किन्स यांनी भरविलेल्या शर्यतींपासून तो मानण्याचा प्रघात आहे. इंग्लंडात लंडनजवळच्या एपिंगच्या रानात, हाय बीच येथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी जी शर्यत झाली, तिला अपेक्षेच्या कित्येक पट गर्दी लोटली आणि पाहता पाहता गावोगावी असे मार्ग तयार झाले. १९३६ पासून वेम्ब्लीच्या भव्य क्रीडांगणावर जगज्जेतेपदाची अंतिम फेरी होऊ लागली. पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागने मिळविला.

माझ्या काळातला बेल व्ह्यूचा मानकरी होता पीटर क्रेव्हन. लिव्हरपूलचा हा मुलगा ठेंगणा आणि हलक्या अंगाचा. गाडीवर बसला की गाडीच मोठी दिसे. धिप्पाड स्वार गाडीला दाबून वळवीत. हा तिच्यावर जणू चढउतार करी. लोक त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हणत. १९५५ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला होता. १९६२ च्या सप्टेंबरात तो पुन्हा वेम्ब्लीला उतरला, तेव्हा मालकीणबाई आणि मी आगगाडीने लंडनला गेलो. त्या अंतिम फेरीची रचना फार सुंदर असे. सोळा स्वार, वीस शर्यती. प्रत्येकाच्या वाट्याला पाच, आणि प्रत्येकाची गाठ इतर प्रत्येकाशी नेमकी एकदा. क्रेव्हनने पंधरापैकी चौदा गुण मिळविले. न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज दुसरा आला. दोनदा जगज्जेता होणारा क्रेव्हन हा पहिला इंग्रज.

पुढल्याच वर्षी, २० सप्टेंबर १९६३ रोजी, एडिंबरोच्या ओल्ड मेडोबँक क्रीडांगणावर त्याच्यापुढचा एक स्वार पडला. मागून क्रेव्हन येत होता. ब्रेक नव्हताच. पडलेल्याच्या अंगावरून जायचे, की गाडी कठड्याकडे घालायची, एवढाच निर्णय त्या निमिषात उरला होता. त्याने गाडी बाजूला घातली. तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला, रुग्णालयात मरण पावला. वय एकोणतीस वर्षे.

मी काही शनिवार हाइड रोडला गेलो नाही. मला त्या खेळाचा आणि त्यात रमलेल्या स्वतःचाही राग आला होता. माणसे मरतात ते पाहायला आपण तिकीट काढतो काय? एके सायंकाळी मी हे मालकीणबाईंना बोलून दाखविले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तो पडलेल्या पोराला चुकवायला गेला. तू त्या पोराच्या बाजूने विचार कर.” पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. दारातच त्यांनी पत्रक आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आजपासून तू लिही.” त्या वर्षीचे लीगचे विजेतेपद बेल व्ह्यूला मिळाले, पण त्याचा आनंद कोणी फार मोठ्याने केला असे मला आठवत नाही.

या खेळाला सर्कस म्हणणारे, जिवाचा जुगार म्हणणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मात्र इतकेच सांगतो की, या खेळाचा पाया बेफिकिरीवर नसून विश्वासावर आहे. पुढचा अवचित थांबणार नाही, या भरवशावर मागचा त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी हाकतो. धोका कमी करण्याचे उपाय केलेच पाहिजेत. आज अनेक ठिकाणी वळणांवर हवेने फुगविलेले मऊ कठडे असतात, ते पूर्वीच आले असते तर किती जीव वाचले असते, असे वाटते.

१९६६ साली मी मुंबईला परतलो आणि परळच्या एका गिरणीत कामाला लागलो. ‘स्पीडवे स्टार’ हे साप्ताहिक बोटीच्या टपालाने मागवी. ते आठवडेच्या आठवडे उशिरा येई. आयव्हन मेजर १९६८, १९६९ आणि १९७० असा लागोपाठ तीनदा जगज्जेता झाला, ते मला दर वेळी असेच शिळे कळले, आणि तरी ताजेच वाटले. मालकीणबाई आपली भरलेली पत्रके पाठवीत. पुढे ती यायची थांबली.

त्यानंतर जे घडले, त्यात माझ्या दोन्ही जगांचे नशीब एकसारखे निघाले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि कापडापेक्षा त्यांच्याखालची जमीन मोलाची ठरली. तिकडे हाइड रोडचे क्रीडांगण विकले गेले. तेथील शेवटचा सामना १९८७ साली झाला. काही वर्षांनी मी मुद्दाम ते ठिकाण पाहायला गेलो. तेथे लिलावासाठी ओळीने मोटारी उभ्या होत्या. सगळ्या ब्रेक असलेल्या. वेस्ट हॅमचे क्रीडांगण १९७२ सालीच गेले होते. हॅक्नीच्या जागेवर लंडनचे ऑलिंपिक उद्यान आले. कॉव्हेन्ट्रीचा ब्रँडनचा मार्ग २०१६ नंतर मुका झाला, वुल्व्हरहॅम्प्टनचा २०२३ साली. पन्नास वर्षे दर आठवड्याला तेथे उभ्या राहणाऱ्या माणसाचा त्या जागेवर काही हक्क असतो की नाही? खरेदीखतात तरी तो कोठेच लिहिलेला नसतो.

जगज्जेता आता एका रात्रीत ठरत नाही. १९९५ पासून वर्षभर देशोदेशी शर्यती होतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज केली जाते. ही पद्धत अधिक न्याय्य आहे, हे मी मान्य करतो. जुन्या पद्धतीत १९७३ साली पोलंडच्या येझी श्चाकियेलने मेजरला निर्णायक शर्यतीत मागे टाकले. मेजर त्यात पडला होता, आणि श्चाकियेलला तसे यश पुन्हा कधी लाभले नाही. तो खरा जगज्जेता होता काय, असा वाद अजून चालतो. माझे मत विचाराल, तर होता. त्या रात्री पंधरा जणांना तीच संधी होती. वर्षभराची बेरीज गुणवत्ता दाखविते. पण एखाद्या सामान्य स्वारालाही असामान्य होता येईल असे दार त्या एका रात्रीत उघडे असे.

खेळ संपला आहे, असे मात्र समजू नका. मँचेस्टरमध्ये जुन्या जागेपासून जवळच २०१६ साली राष्ट्रीय स्पीडवे क्रीडांगण उभे राहिले. तेथेच २०२१ साली ब्रिटनने राष्ट्रसंघांचे विजेतेपद मिळविले, आणि २०२२ साली बेल व्ह्यू पुन्हा लीगचा विजेता झाला. २०१८ साली मी नातीला घेऊन तेथे गेलो होतो. वयाची ऐंशी वर्षे जवळ आली होती. हात कापू लागला होता आणि पत्रकातले चौकोन मला दिसेनात. दोन शर्यती कशाबशा लिहिल्या. मग पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने विचारले, “आजोबा, फोनवर सगळे गुण दिसतात, मग लिहायचे कशाला?”

मी म्हणालो, “तू लिही तर.”

तिसऱ्या शर्यतीनंतर पाहिले, तर तिची मान आपोआप खाली वळली होती.