शाळेच्या वर्गात ‘शारदा’

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं कांचनभट आपली मुलगी शारदा म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, ही त्याची गोष्ट. आजच्या शाळकरी मुलांना हे नाटक आपलं वाटेल का? नक्की वाटेल, पण आपण दार नीट उघडून द्यायला हवं.

पूर्ण नाटक एकदम हाती देऊ नका. आधी एकच प्रवेश निवडा, भूमिका वाटून द्या आणि मोठ्यानं वाचायला लावा. संवाद उच्चारले की जुनी मराठीही ओळखीची वाटू लागते. मग तोच प्रवेश मुलांना स्वतःच्या बोलीत करू द्या आणि पुन्हा देवलांच्या शब्दांकडे या. पदं गाळू नका; निदान एक तरी पेटीवर ऐकवा, कारण शारदेचं मन पदांतूनच उलगडतं.

शेवटी गप्पा मारा. शारदेला कुणी विचारलं का? आज मुलीच्या लग्नाचं किमान वय 18 आहे. 1929 च्या कायद्यात ते 14 होतं. त्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, पण ते नाव नाटकावरून नव्हे, हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलं, हेही सांगा.

पोशाख, नेपथ्य नसलं तरी चालेल. दोन बाकं आणि मोकळा आवाज पुरे. शारदेचं दुःख आपल्याच वयाच्या मुलीचं आहे, हे मुलांना उमगलं की नाटक त्यांचं झालं.