बिनतारी जाळ्यांची राखण

कार्यालयातील संगणक तारेने जोडलेले होते तोवर त्यांच्या राखणीचा प्रश्न बराचसा कुलपाचा होता. तार ज्या खोलीत संपे, ती खोली बंद केली की परक्याचा हात जाळ्यापर्यंत पोचत नसे. वाय-फाय या नावाने सर्वपरिचित झालेल्या बिनतारी जाळ्याने ही सोय काढून घेतली. रेडिओलहरी भिंत, कुंपण आणि पहारेकरी ओलांडून रस्त्यावर येतात. साहजिकच रस्त्यावरील मनुष्य कार्यालयाच्या उंबरठ्याशीच उभा आहे, असे धरून चालावे लागते.

याचा कटू अनुभव महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल पोचला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील एका घरापर्यंत आले. तेथील बिनतारी जाळे उघडे होते आणि ई-मेल त्यातून धाडण्यात आला होता. पुढील दोन महिन्यांत मुंबईतील एका महाविद्यालयाच्या व एका खाजगी कंपनीच्या जाळ्याचाही असाच वापर झाला. त्यानंतर २००९ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना वापरकर्त्याची ओळख पटविण्यासंबंधी सूचना दिल्या. ओळख हाच येथील कळीचा शब्द होय. तांत्रिक चर्चेत नेमका तोच मागे पडतो.

जाळ्याला सांकेतिक कुलूप लावले की काम भागले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु कुलूपही जुने होते. १९९७ मध्ये प्रमाणित झालेली ‘वेप’ ही पद्धती २००१ मध्ये संशोधकांनी सदोष असल्याचे दाखविले आणि २००३ मध्ये तिच्या जागी ‘डब्ल्यूपीए’ आली. अमेरिकेतील टीजेएक्स या अनेक दुकाने चालविणाऱ्या कंपनीने हा बदल करण्यास विलंब लावला. २००५ मध्ये मायामी येथील तिच्या दुकानाच्या बिनतारी जाळ्यातून चोरटे आत शिरले व तेथून मध्यवर्ती संगणकांपर्यंत पोचले. २००७ मध्ये कंपनीने चोरीस गेलेल्या कार्डांचा जाहीर केलेला आकडा किमान ४ कोटी ५७ लाख होता.

तथापि मोठ्या संस्थांतील नित्याचा दोष याहून साधा आहे. शे-दोनशे माणसांसाठी एकच परवलीचा शब्द असतो आणि तो भिंतीवरील चिठ्ठीवर लिहिलेला असतो. ही चिठ्ठी कोठे डकविली आहे, हे येथील उपस्थितांपैकी कित्येकांना आठवेलही! लिपिक, शिपाई, प्रशिक्षणार्थी, यंत्रदुरुस्तीस आलेला कारागीर, सर्वांना तो ठाऊक असतो. कोणाची बदली होते, कोणी निवृत्त होतो, कंत्राटदाराची मुदत संपते. शब्द मात्र तोच राहतो. कारण तो बदलायचा तर प्रत्येकाच्या यंत्रात बदलावा लागतो, आणि ती दगदग कोणालाच नको असते. शिवाय आजही सर्रास वापरात असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत, हा सामाईक शब्द ठाऊक असलेला मनुष्य जोडणीच्या वेळच्या लहरी टिपून इतरांचे संदेश उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही फट बुजविली, पण जुन्या यंत्रांना ती पद्धती कळत नाही. आणि काही गैर घडलेच, तर ते कोणी केले हे सांगणे दुरापास्त होते. जाळ्याच्या दृष्टीने सर्वांचा चेहरा एकच असतो.

यावरील उपाय प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली देण्याचा आहे. ती तपासण्याचे काम मध्यवर्ती सर्व्हर करतो. एकाची किल्ली रद्द केली तरी इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही. विद्यापीठांच्या क्षेत्रातील ‘एड्युरोम’ ही व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. नेदरलँड्समधील सर्फनेट या संस्थेतील क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये तिची कल्पना मांडली. आज ती शंभराहून अधिक देशांत चालते, आणि भारतात तिचे काम अर्नेट ही संस्था पाहते. पाहुणा प्राध्यापक परक्या विद्यापीठात गेला की त्याचे यंत्र आपल्या संस्थेचे नाव सांगते. यजमान विद्यापीठ ती विचारणा त्याच्या मूळ संस्थेकडे धाडते आणि तिने होकार दिला की दार उघडते. परवलीचा शब्द यजमानाला दिसतच नाही. मात्र समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र यंत्राने तपासले पाहिजे. ही तपासणी टाळल्यास त्याच नावाचे तोतया जाळे उभारून किल्ली हिरावता येते. आणि घाईच्या वेळी हीच तपासणी वगळली जाते.

सुरक्षितता आणि व्यवस्थापन यांची फारकत करणे योग्य नाही. जाड दगडी भिंती आणि लोखंडी कपाटे यांनी भरलेल्या इमारतीत लहरी क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. त्यामुळे नुसते प्रक्षेपक वाढविल्याने गोंगाट तेवढा वाढतो. मग कंटाळलेला कर्मचारी बाजारातून स्वस्त राउटर आणून भिंतीतल्या तारेला जोडतो. त्याचा हेतू निर्मळ असतो, पण संस्थेच्या भिंतीला त्याने चोरदरवाजा पाडलेला असतो. त्याला दंड करण्यापूर्वी त्याच्या खोलीत लहरी का पोचत नाहीत, हे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

भारतनेट योजनेतून इंटरनेट पोचलेल्या ग्रामपंचायतींनाही हे लागू आहे. तेथे मोठी यंत्रणा परवडणार नाही. मात्र दाखले आणि कराच्या नोंदी ज्या संगणकावर असतात, तो अभ्यागतांच्या वाय-फायपासून वेगळ्या जाळ्यावर ठेवणे बहुतेक राउटरांत सहज साधते. राउटरसोबत कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली की दप्तराच्या कार्यभार-यादीत राउटरच्या परवलीच्या शब्दाचीही एक ओळ असावी, आणि नव्या अधिकाऱ्याने तो बदलल्यावरच त्या यादीवर सही करावी.