कृत्रिम बुद्धीचे देयक आणि आपला हिशेब

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने संगणकाच्या देयकाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु कार्यकारिणीच्या मागील बैठकीत जे घडले, ते आम्हांस स्वस्थ बसू देईना. मंडळाच्या कचेरीतील पत्रव्यवहाराच्या सॉफ्टवेअरचे देयक शिष्यवृत्तीच्या महिन्यात नेहमीच्या तिपटीहून अधिक आले. ते भागविण्यासाठी दोन विद्यार्थ्यांची रक्कम पुढे ढकलावी लागली, आणि संशय आला तो आपल्या तरुण लिपिकावर. त्याने यंत्र खाजगी कामास वापरले, असे कोणी बोलूनही गेले. देयक पाहावे, तर त्यावर एकच ओळ : 'एआय सेवा', व पुढे रक्कम. त्या ओळीवरून तो मुलगा दोषी ठरत नव्हता आणि निर्दोषही ठरत नव्हता.

तेव्हा आम्ही त्याच्याजवळ बसून हा सारा प्रकार समजून घेतला. ही यंत्रे मजकूर 'टोकन' नामक तुकड्यांनी मोजतात. टोकन म्हणजे कधी पुरा शब्द, कधी त्याचा केवळ अंश. आपण दिलेल्या मजकुराचा दर निराळा, यंत्राने लिहिलेल्याचा निराळा, आणि हा दुसरा बहुधा कितीतरी चढा. शिवाय संभाषण लांबले म्हणजे मागचे बोलणे प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर पुन्हा यंत्राकडे जाते. म्हणून दहावा प्रश्न पहिल्याहून महाग पडू शकतो. देवनागरी मजकुराचे तुकडेही पुष्कळ यंत्रांत इंग्रजीहून अधिक पडतात. आपल्या लिपिकाने शिष्यवृत्तीचे सर्व अर्ज एकाच संभाषणात, एकामागून एक, मराठीतून तपासावयास दिले होते. त्यास काम लवकर उरकावयाचे होते, एवढेच.

आपल्यापैकी पुष्कळांस एस.टी.डी.चे बूथ आठवत असतील. मुंबईहून गावी बोलताना डोळ्यांसमोर तांबडे आकडे पळत, आणि आकडा खिशाबाहेर जाऊ लागला की आपण 'बरे, ठेवतो' म्हणत असू. (आमच्या सासुरवाडीची खुशाली आम्हांस नेहमी अर्धवटच कळे!) विजेच्या देयकावरही मागची नोंद, चालू नोंद व युनिटे छापलेली असतात. आमच्या या सॉफ्टवेअरचा आकडा मात्र महिना सरल्यावर दिसला.

मोठ्या व्यापारातही हा घोळ आहेच. सेल्सफोर्स कंपनीने २०२४ मध्ये आपल्या 'एजंटफोर्स'साठी दर संभाषणास २ डॉलर असा दर सांगितला. तो निदान कळण्यासारखा होता. मे २०२५ मध्ये तिने 'फ्लेक्स क्रेडिट' आणले : १ लाख क्रेडिटांस ५०० डॉलर, आणि एका क्रियेस २० क्रेडिट, म्हणजे क्रियेस १० सेंट. हे त्रैराशिक आमच्या शाळेतील मुलांनीही सोडविले असते. पण दुकानदाराने गिऱ्हाईक सोडून त्रैराशिक का मांडीत बसावे? प्रोग्रॅम लिहिण्याच्या 'कर्सर' या साधनाच्या दरांची पद्धत जून २०२५ मध्ये बदलली. ग्राहकांस अनपेक्षित आकारणी सोसावी लागली, आणि जुलैमध्ये कंपनीने जाहीर क्षमा मागून पैसे परत देण्याचे कबूल केले.

विक्रेत्याची अडचण आम्ही जाणतो. त्यासही बहुधा मूळ यंत्रवाल्यास वापराप्रमाणेच पैसे मोजावे लागतात. तेव्हा वापराप्रमाणे आकारणीस आमची हरकत नाही. मात्र काम सुरू करण्यापूर्वी रुपयांत अंदाज दिसावा. कोणी, केव्हा, कोणत्या कामासाठी किती वापर केला ते देयकात असावे. आणि यंत्र मध्येच अडखळून उत्तर वाया गेले, तर त्याचे काय, हेही लिहिलेले असावे. असे पत्र आम्ही विक्रेत्यास धाडले आहे. मासिक खर्चास मर्यादा घालण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती. ती चार पानांआड दडलेली होती हे खरे, पण आम्हां कार्यकारिणीच्या मंडळींपैकी एकानेही ती शोधली नव्हती. आता मर्यादा घातली आहे. त्या दोन विद्यार्थ्यांची रक्कमही पोहोचली आहे.

राहता राहिला तो लिपिक. मागील बैठकीच्या इतिवृत्तात त्याच्याविषयी जे वाक्य नोंदले गेले, ते चुकीचे होते अशी नोंद त्याच इतिवृत्ताखाली व्हावी, अशी सूचना आम्ही सभेपुढे मांडीत आहोत. अध्यक्षमहाराजांनी ती मतास टाकावी.