सामान्य माणसाचें मौन

पिंपळे सौदागर येथें पूर्वीं जेथें शेतें होतीं, तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत, आणि कारखान्यांत व कचेऱ्यांत जाणारीं कुटुंबें त्यांत राहतात. त्यांतील वडीलधाऱ्या मंडळींस एक जुनी संवय आठवत असेल. सकाळीं वर्तमानपत्र हातीं पडलें, कीं मोठ्या मथळ्याआधीं दृष्टि एका लहानशा चौकटीकडे जावयाची. ती चौकट भरणारे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचें अखेरचें वास्तव्य पुण्यांत होतें. येथून मुळा नदी ओलांडली, कीं बालेवाडीस त्यांच्या नांवाचें कलादालनहि आहे. तें मार्च २०२२ मध्यें उघडलें.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजीं म्हैसूर येथें झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेनें प्रवेश नाकारल्यावर त्यांनीं म्हैसूरच्या महाराजा कॉलेजांत शिक्षण पुरें केलें, आणि वडील बंधु आर. के. नारायण यांच्या कथांसाठीं चित्रें काढलीं. पुढें मुंबईस 'फ्री प्रेस जर्नल'मध्यें बाळ ठाकरे त्यांचे सहकारी होते. त्यानंतर 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्यें त्यांनीं अर्धशतकाहून अधिक काळ काम केलें. तेथेंच १९५१ सालीं 'यू सेड इट' ही चौकट सुरू झाली.

व्यंगचित्रकाराचा दिवस इतर कलावंतांच्या दिवसासारखा नसतो. स्फूर्तीची वाट पाहत बसण्याची त्याला मुभा नाहीं. बातम्या वाचावयाच्या, त्यांतील विसंगति हेरावयाची आणि अंक छपाईस जाण्यापूर्वीं चित्र हातावेगळें करावयाचें, हा त्याचा नित्यक्रम. प्रारंभीं लक्ष्मण आपल्या चित्रांत निरनिराळ्या प्रांतांतील माणसांचा घोळका काढीत. रोजच्या घाईंत इतकीं माणसें रेखाटणें जमेना. एकेक जण गळत गेला, आणि शेवटीं चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा व मिशा असलेला एकच वृद्ध गृहस्थ उरला. वेळेच्या टंचाईनेंच देशाला त्याचा प्रतिनिधि मिळाला!

हा गृहस्थ बोलत नाहीं. मंत्री आश्वासन देतो, अधिकारी आंकडे सांगतो, आणि हा नुसता पाहत राहतो. चित्रांतील सारें भाषण इतरांचें. निवाडा मात्र वाचकाचा. मौन हें संमतीचें लक्षण, असें म्हणतात. या माणसाचें मौन साक्षीचें होतें. १९७५ सालीं आणीबाणींत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली, तेव्हां अशा साक्षीदाराचें मोल विशेष कळलें. कारण हसण्यासाठीं आधीं परवानगी घ्यावी लागली, तर तें हसणें उरत नाहीं.

१९८४ सालीं लक्ष्मण यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००३ सालीं पक्षाघातानें त्यांचें डावें अंग लुळें पडलें, तरी त्यांनीं चित्रें काढणें सोडलें नाहीं. २६ जानेवारी २०१५ रोजीं, प्रजासत्ताकदिनींच, पुण्यांत त्यांचें निधन झालें.

त्यांच्या चित्रांतील कित्येक मंत्री आज टीप दिल्यावांचून ओळखूं येत नाहींत. त्या वृद्ध गृहस्थाला मात्र नांवच नव्हतें, आणि तो अजून सर्वांस ओळखूं येतो.